दिल्लीक कळतला काय?

शाईचं बोट (९ जून २०२४, रात्री १०.१५)

आज संध्याकाळी टीव्हीवर राष्ट्रपती भवनातला शपथविधी चालू होता. घरातले सगळे ‘महाराष्ट्राच्या वाट्याला काय आलं’ यात गुंतलेले. माझ्या डोक्यात मात्र महिनाभर एक म्हातारी ठाण मांडून बसली आहे. तिला एकदाची इथे आणून सोडतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ७ मेला आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान होतं, मी केंद्राध्यक्ष. ज्यांनी ही ड्युटी केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, यादीशी ताडून बघायचं, एसटीतून केंद्रावर जायचं, रात्री शाळेच्याच बाकांवर पाठ टेकायची. पहाटे एजंटांसमोर मॉक पोल, निदान पन्नास मतं टाकून दाखवायची, चिठ्ठ्या मोजायच्या, मशीन क्लिअर करून सील लावायचं आणि सातच्या ठोक्याला दार उघडायचं. (क्लिअर करायचं राहिलं तर पुढचं विचारू नका.)

दुपारी दोनच्या सुमारास उन्हात चिटपाखरू नव्हतं, तेव्हा एक आजी आली. नातीच्या खांद्यावर हात. शाई लावून घेतली, बोटावर फुंकर मारली आणि मशीनकडे जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाली, “मास्तरांनू, ह्यां बटान दाबल्यार दिल्लीक कळतला काय, आमी हंय आसंव ता?”

एजंट हसले. मीही हसलो. रात्री यंत्रं जमा करून साडेबाराला घरी आलो तेव्हा हसू गेलं होतं.

तेव्हापासून विचार करतोय, मला देशाच्या नेत्याकडून नेमकं हवं तरी काय? अवतार नको. तारणहार तर नकोच, त्यांची पुढे देवळं बांधावी लागतात. मला विचारल्यावर उत्तर देणारा माणूस हवा. चुकलं तर ‘चुकलं’ म्हणणारा. पंतप्रधान असो, मंत्री असो की आमचा खासदार, अपेक्षा एकच.

आमच्या भागाला वाईट सवय लागली होती, हेही कारण असेल. जुन्या राजापूर मतदारसंघानं १९५७ पासून बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून मधु दंडवते दिल्लीला पाठवले. दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले तेव्हा आमच्या जिल्ह्यात रेल्वेचा रूळसुद्धा नव्हता. या माणसानं काय केलं, तर सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला घेतला. वडील मुंबईहून नागपूरला त्या फळीवर झोपून गेलेले. पाठीखाली पहिल्यांदा फोम आला तेव्हा दंडवत्यांना मनातल्या मनात दंडवत घातला, असं ते सांगायचे. ज्यानं मत दिलं नाही त्याच्याही पाठीचा विचार करणारा मंत्री. मला यापेक्षा मोठी व्याख्या सुचत नाही.

आणि हो, १९९१ साली आम्हीच त्यांना पाडलं. हेही लिहून ठेवतो, नाहीतर आम्ही फार शहाणे वाटू.

तुमच्या अपेक्षा काय आहेत? भाषणं नकोत, अनुभव लिहा.

तिरकस (९ जून, रात्री १०.४०)

मास्तर, आजीला उत्तर काय दिलंत ते आधी सांगा. बाकी निबंध छान आहे, दहापैकी सात.

सातचौदाची लोकल (९ जून, रात्री ११.०२)

अपेक्षा ठेवण्याचा हक्क आम्हा कल्याण-डोंबिवलीकरांना आहे का, इथूनच माझी सुरुवात. आमच्याकडे २० मेला मतदान होतं, सोमवार, शनिवार-रविवारला चिकटून. सोसायटीतले निम्मे लोक गावाला नाहीतर रिसॉर्टवर. आमचा आणि दक्षिण मुंबईचा आकडा कसाबसा पन्नास टक्क्यांपर्यंत गेला. तिकडे गडचिरोली-चिमूरला सत्तरच्या वर. ज्यांच्या केंद्रावर मशीन हेलिकॉप्टरनं न्यावं लागतं ते मत देतात, आणि ज्यांच्या केंद्रापर्यंत रिक्षाला मिनिमम भाडं पडतं ते व्हॉट्सॲपवर देश चालवतात.

थोडी बाजू आमचीही घेतो. माझ्या शेजारच्या काकांचं नाव यादीत नव्हतं. काकूंचं होतं. काका तीन शाळा हिंडले आणि उन्हात चक्कर येऊन परत आले.

बाकी हिशेब देणाऱ्या खासदाराबद्दल म्हणाल, तर आमच्या ठाण्यातून १९७७ आणि १९८० ला निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी आठवा. आमदार असल्यापासून आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांना देण्याबद्दल ते ओळखले जायचे. विचारानं दंडवते एका टोकाचे, म्हाळगी दुसऱ्या. म्हणजे हा गुण पक्षाबरोबर येत नाही.

कांदेकरी (१० जून, सकाळी ६.२०)

नाशिक जिल्हा. पावणेदोन एकर कांदा.

मास्तर म्हणतात उत्तर हवं. आम्हाला उत्तराच्या आधी खबर हवी. मागच्या ऑगस्टात कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. डिसेंबरात थेट बंदी. तेव्हा लाल कांदा निघत होता, आणि लाल कांदा चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो, कुजवायचा नसेल तर. बंदी ३१ मार्चपर्यंत आहे म्हणाले. आम्ही म्हटलं ठीक, उन्हाळ कांद्याला तरी मोकळीक मिळेल. मार्च संपायच्या आत ती पुढे वाढवली. मग ४ मेला, आमच्याकडचं मतदान सोळा दिवसांवर असताना, बंदी उठवली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून.

शहरात कांदा महाग होऊ नये हे मला समजतं. माझी बहीण ठाण्यात राहते, तीही विकतच घेते. पण रात्री आदेश निघतो आणि सकाळी बाजार समितीत ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या माणसाला लिलाव बंद पडल्यावर कळतं. घरातला कर्ता माणूससुद्धा लग्नकार्याचा खर्च कमी करायचा तर चार जणांना बसवून सांगतो. देशाच्या कर्त्या माणसानं तेवढं करावं. भाव पाडायचाच असेल तर का पाडतोय, किती दिवस, आणि नुकसान कोण भरणार, हे तोंडानं सांगावं. मग आम्ही भांडू. पण फसवलं असं म्हणणार नाही.

भडक माथा (१० जून, सकाळी ९.१५)

कळतंय सगळं, कोणाला टोमणे चाललेत ते. आधीचे साठ वर्षं काय करत होते? तेव्हा कांदा नव्हता का?

तिरकस (१० जून, सकाळी ९.२१)

तेव्हाही कांदा होता आणि तेव्हाही रडवत होता. १९८० च्या निवडणुकीत तो प्रचाराला फिरला आणि १९९८ ला दिल्ली राज्याची सत्ता घेऊन गेला. कांद्याला पक्ष नसतो, भडकराव.

व्यवस्थापक (१० जून, सकाळी ९.५०)

पक्षांची नावं आणि ‘तेव्हा कुठे होतात’ हे दोन्ही इथे नको. त्यासाठी दुसरे सतरा धागे वाहताहेत. एक प्रतिसाद उडवला आहे.

रिटायर्ड बाबू (१० जून, सकाळी ११.३०)

मी बत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात काढली. संसदेतून प्रश्न आला की आमच्याकडे काय धावपळ उडते ते आतून पाहिलंय. इतर वेळी महिनोन्‌महिने न हलणारी फाइल त्या दिवशी जेवणाच्या सुटीतही हलते. म्हणून उत्तर देणारा नेता हवा असेल, तर त्याला जिथे उभं करून विचारता येतं ती जागा चालू राहिली पाहिजे.

पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. आता संपलेल्या सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४. कोविड होता हे मान्य, पण घसरण त्याच्या खूप आधीपासूनची आहे. पंधराव्या लोकसभेत शंभरातली ७१ विधेयकं समितीकडे तपासायला गेली, सतराव्यात १६. लोकसभेनं उपाध्यक्ष निवडावा असं राज्यघटनेचं ९३ वं कलम सांगतं, सतराव्या लोकसभेनं तो पाच वर्षांत निवडलाच नाही. डिसेंबरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. दुसऱ्या बाजूचंही सांगतो: फलक घेऊन हौद्यात (अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत) उतरणं हा प्रश्न विचारण्याचा प्रकार नव्हे. २०१० चं एक अख्खं हिवाळी अधिवेशन असंच वाहून गेलं, तेव्हा बाकांवरची माणसं उलट बाजूला होती.

नेता घडतो तो सभागृहात. नाथ पैंनी खाजगी विधेयक आणून मूलभूत हक्क बदलण्याचा अधिकार संसदेला आहे की नाही यावर अख्ख्या देशाला वाद घालायला लावला होता. विरोधी बाकावरचा एक खासदार! १९७० नंतर एकही खाजगी विधेयक कायदा झालेलं नाही, हे जाता जाता.

अनु_ह (१० जून, दुपारी १.०५)

मी यंदा पहिल्यांदा मत दिलं. वय १९. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या साइटवरून उतरवून वाचली, आईला वाटलं परीक्षेचा अभ्यास चाललाय. गुन्हे, संपत्ती, कर्ज, सगळं असतं त्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे ते द्यावं लागतं हे मला तेव्हाच कळलं. पण वाचून उपयोग काय? आता निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःवर गुन्हे दाखल असल्याचं लिहून दिलंय. ५०४ जण करोडपती आहेत. म्हणजे लपवलेलं काही नाही, सगळं लिहून दिलेलं आहे, आणि आपण ते वाचून किंवा न वाचता त्यांना निवडून दिलंय.

नोटा (‘यांपैकी कोणीही नको’चं बटण) दाबावं असं एक क्षण वाटलं होतं. इंदूरला नोटाला २,१८,६७४ मतं पडली ना?

रिटायर्ड बाबू (१० जून, दुपारी १.४०)

पडली. तिथे एका प्रमुख उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला होता. तरी जिंकला रिंगणात उरलेला एक उमेदवारच, नोटा नव्हे. लोकसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगानं २०१८ साली फेरनिवडणुकीचा आदेश काढला आहे. म्हणजे नगरसेवक नाकारता येतो, खासदार नाही.

आणि गुन्ह्यांच्या बाबतीत एक. आंदोलनात रस्ता अडवला तरी गुन्हा दाखल होतो. आकडा बघून थांबू नका, कलम वाचा. तुम्ही वाचता म्हणून सांगतो.

पाटलीणबाई (१० जून, दुपारी ३.३०)

मी पाच वर्षं सरपंच होते. मास्तरांचा धागा वाचून हसू आलं, कारण तुम्ही दिल्लीकडून जे मागताय ते आम्ही वर्षातून चार-चार वेळा भोगलंय. त्याला ग्रामसभा म्हणतात.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं की पारावर बसायचं. ग्रामसेवक जमाखर्च वाचून दाखवणार. मग मागून कोणीतरी उठणार, “बाई, त्या बोअरच्या मोटारीचे अठ्ठावीस हजार कुठे गेले?” मोटार खरंच जळली होती, गुंडाळून आणली होती, पावती होती. तरी पाय लटपटायचे. पावती दाखवली, ती हातोहात फिरली, एकानं दुकानदाराला फोन लावून खात्री केली. अपमान वाटला का? वाटला. घरी येऊन रडलेही. पण पुढच्या वेळेपासून प्रत्येक पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सभेला नेऊ लागले.

खासदाराला वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्याची अशी सभा कुठे होते? माझी पंचायत त्याच्यासमोर चिल्लर, आणि हिशेब फक्त चिल्लरवाल्यांनी द्यायचा.

बायकांचंही सांगते. पंचायतीत निम्म्या जागा आमच्या आहेत. ‘सरपंचपती’ वगैरे कुचेष्टा झाली, अजूनही होते, पण दुसऱ्या फेरीत बायका स्वतः बोलायला लागल्या. लोकसभेसाठी एक तृतीयांश जागांचा कायदा गेल्या सप्टेंबरात झाला, टाळ्या वाजल्या, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. यंदा निवडून आलेल्या बायका ७४. मागच्या वेळी ७८ होत्या. पुढे गेलो की मागे आलो?

तिरकस (१० जून, दुपारी ३.४४)

बाई, तुम्ही उभ्या राहा. गुंडाळलेल्या मोटारीची पावती जपणारा अर्थमंत्री मला चालेल.

थेम्सकाठचा (१० जून, संध्याकाळी ७.२०)

मी नोकरीसाठी इंग्लंडात आहे, पासपोर्ट भारताचा. गंमत बघा: राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून ४ जुलैच्या इथल्या निवडणुकीत मला मत आहे. माझ्या स्वतःच्या देशात मत द्यायचं तर २०१० च्या दुरुस्तीनं नाव नोंदवता येतं, पण बटण दाबायला पुण्याला जावं लागतं. विमानाच्या तिकिटाचे दर पाहिले आणि देशप्रेम आवरतं घेतलं.

इथे खासदार साधारण आठवड्या-पंधरवड्याला मतदारसंघात ‘सर्जरी’ घेतो. डॉक्टरसारखी वेळ घ्यायची आणि समोर बसून गाऱ्हाणं सांगायचं. मी व्हिसाच्या कागदासाठी गेलो होतो. माझं काम झालं नाही, पण का झालं नाही याचं पत्र आलं.

पण लगेच ‘बघा तिकडे कसं’ म्हणू नका. इथे एका खासदारामागे सुमारे ७३ हजार मतदार. आपल्याकडे ९६ कोटींहून जास्त मतदार आणि खासदार ५४३, म्हणजे एकामागे जवळजवळ १८ लाख. राज्याराज्यांतली वाटणी अजून १९७१ च्या जनगणनेवर उभी आहे. १८ लाखांना भेटायचं म्हटलं तर त्यानं संसदेत कधी जायचं? आजीचं दिल्लीला कळत नाही यात मनाचा दोष आहे तसा गणिताचाही आहे.

सीमेवरचा (१० जून, रात्री ८.१०)

बेळगावहून. आम्हीही ७ मेलाच मत दिलं, मास्तर. नाथ पैंचं नाव वाचून राहवलं नाही. १९७१ च्या जानेवारीत ते इथेच गेले. त्यांच्या सभेची आठवण सांगणारी माणसं आता थोडी उरली आहेत.

आमची अपेक्षा दोन वाक्यांत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा १९६७ चा महाजन अहवाल महाराष्ट्रानं नाकारला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि दिल्लीत जो येतो तो ‘न्यायप्रविष्ट आहे’ म्हणून हात झटकतो. निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी चालेल असं म्हणण्याइतके आम्ही अजून दमलो नाही, पण दोन राज्यांना एका टेबलावर बसवून ठेवणारा कोणी दिल्लीत असावा एवढं म्हणायला काय हरकत आहे?

सातचौदाची लोकल (१० जून, रात्री ९.३०)

एक शंका. खासदारानं बोलावं, विचारावं, हे सगळं ठीक. पण मत तर पक्षादेशावरच द्यायचं ना? मग माणूस बघून मत देण्यात अर्थ काय? लोक वरचा चेहरा बघतात ते चूक कसं?

रिटायर्ड बाबू (१० जून, रात्री १०.०५)

रास्त शंका. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडला तर सदस्यत्व जातं. ‘आयाराम गयाराम’ थांबवायचे होते. २००३ मध्ये एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, दोन तृतीयांश विलीनीकरणाची राहिली. परिणाम असा की एकटा निघाला तर अपराधी आणि घाऊक निघाले तर धोरण. महाराष्ट्रानं गेल्या दोन वर्षांत काय पाहिलं ते नावं न घेताही सगळ्यांना कळेल (व्यवस्थापक, थांबलो).

पण व्हिप मतदानाला असतो. प्रश्न विचारायला नसतो, शून्य प्रहरात उभं राहायला नसतो, नियम ३७७ खाली आपल्या भागाचा विषय मांडायला नसतो, समितीत साक्षीदाराला घाम फोडायला नसतो. तिथे माणूसच दिसतो. आपल्या खासदाराची हजेरी, प्रश्न, भाषणं सगळं संसदेच्या साइटवर आहे. शोधा, दहा मिनिटं लागतात.

भडक माथा (१० जून, रात्री १०.३१)

शोधलं. आमच्यावाल्याची हजेरी चांगली आहे. प्रश्न फारसे नाहीत. मत त्यालाच दिलं होतं आणि परत देईन, पण हे त्याला विचारणार.

तिरकस (१० जून, रात्री १०.३३)

भडकराव, उभा राहून टाळी. टोमणा नाही.

मास्तर, आजी राहिली.

शाईचं बोट (११ जून, सकाळी ७.००)

राहिली नाही, टाळत होतो. तिला म्हटलं, “बीप वाजली काय समज, कळला.” ती आत गेली, बटण दाबलं, लांब बीप वाजली. बाहेर येताना म्हणाली, “वाजली खरी. पण थंयसून काय वाजूक नाय.” आणि नातीला घेऊन निघून गेली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, १७ सी (पडलेल्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म) भरत बसलो.

पाटलीणबाईंची पावत्यांची पिशवी मात्र डोक्यातून जात नाही. खासदाराची ग्रामसभा ही कल्पना मी उचलली आहे. आमच्या खासदारांना पत्र लिहिणार आहे: वर्षातून एकदा तालुक्याच्या गावी बसा, निधीचा हिशेब वाचा आणि प्रश्न घ्या. मसुदा इथे टाकतो, शुद्धलेखन तपासायची गरज नाही, त्यात काय कमी आहे ते सांगा.

कांदेकरी (११ जून, रात्री ९.४५)

बाबूंनी सांगितलं तसं पुतण्याला घेऊन मोबाइलवर शोधलं. आमच्या भागाचं काही सापडायच्या आधी कांद्याच्या साठवणुकीवरचा एक जुना प्रश्न सापडला, दुसऱ्याच राज्यातल्या खासदारानं विचारलेला. कांदाचाळीला किती अनुदान दिलं, कुठे दिलं, नेमकं आमच्या मनातलं. त्या माणसाचे आभार, ओळख ना पाळख. उत्तर इंग्रजीत आणि हिंदीत आहे. इंग्रजी येत नाही, आणि ती सरकारी हिंदी आमच्या गावात आलेल्या बिहारी मजुरालाही कळली नाही. शेवटी पुतण्यानं लावलेला अर्थ असा: माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.

याचा अर्थ काय घ्यायचा?

रिटायर्ड बाबू (११ जून, रात्री १०.१०)

हे वाक्य मी स्वतः कितीदा टाइप करायला दिलंय ते विचारू नका. याला आश्वासन धरतात. तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि ते झालं की नाही हे बघायला आश्वासन समिती असते. उत्तराची तारीख काय आहे?

कांदेकरी (११ जून, रात्री १०.१८)

तीन महिने केव्हाच उलटलेत.

शाईचं बोट (११ जून, रात्री १०.२५)

प्रश्नाचा क्रमांक आणि तारीख टाका. पत्रात घालतो.